घरच्यापुरते लावा आणि बदक पालन : शहराच्या दाटीत काय जमते, काय जमत नाही

कोंबडीपालनावर भरपूर माहिती मिळते. पण "घरी दहा लावे ठेवले तर चालतील का?" किंवा "चार बदके पाळायची आहेत, काय करू?" असे विचारणाऱ्यांना बहुतेक वेळा हजार पक्ष्यांच्या प्रकल्पाचा अहवाल हातात दिला जातो. हा लेख घरच्या खाण्यापुरते आणि हौसेपुरते पक्षी पाळू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. तसेच अशा कुटुंबांना सल्ला देणाऱ्या विस्तार कार्यकर्त्यांसाठीही आहे.

उदाहरणासाठी मुद्दाम अवघड जागा घेतली आहे, ती म्हणजे मुंबईच्या सांताक्रूझ पूर्वेतील वाकोला. एके काळी वाकोला, कलिना, कोलेकल्याण हा सगळा साष्टी बेटावरील भातशेतीचा मुलूख होता. येथील ईस्ट इंडियन कुटुंबांच्या अंगणात कोंबड्या आणि बदके असत. सणाला आणि लग्नाला केले जाणारे बदकाचे मोयली आजही या समाजाच्या जेवणातले मानाचे पान आहे. आता भातखाचरे गेली, गावठाणाभोवती चाळी आणि इमारती उभ्या राहिल्या, शेजारी विमानतळ आला, आणि ओढ्याचा वाकोला नाला झाला. अशा ठिकाणी जे नियम पाळावे लागतात ते पाळले, तर पालघर, ठाणे किंवा रायगडच्या मोकळ्या परसात पक्षी पाळणे त्याहून सोपे जाते.

सुरुवातीलाच ठरवा : लावा की बदक?

दोन्ही पक्ष्यांना एकाच तराजूत तोलू नये. लावा हा पिंजऱ्यातला, कमी जागेतला पक्षी आहे. बदक हा अंगणातला, पाण्याचा आणि ओल्या विष्ठेचा पक्षी आहे.

- फक्त गॅलरी, गच्चीचा कोपरा किंवा पडवी असेल तर लावा पाळावा. बदकाचा विचार सोडून द्यावा.
- स्वतःचे किमान ६० ते ८० चौरस फूट अंगण, पाण्याचा नळ आणि सांडपाण्याची नीट सोय असेल तर तीन-चार बदके पाळता येतात.
- दोन्ही हवे असल्यास जागा वेगळ्या ठेवाव्यात. बदके गादी ओली करतात, आणि ओल्या गादीत लावे लगेच आजारी पडतात. कोंबड्याही यांच्यात मिसळू नयेत.

आवाजाचाही विचार करावा. लाव्याचा नर दिवसातून अनेकदा, कधी रात्रीही, कर्कश आरवतो. मादी जवळजवळ गप्प असते. बदकात याच्या उलट असते. मादी मोठ्याने "क्वॅक क्वॅक" करते, तर नराचा आवाज घोगरा आणि हलका असतो. दाट वस्तीत तक्रार येते ती बहुधा आवाजाची आणि वासाची. मस्कोव्ही जातीची बदके मात्र फारसा आवाज न करता फुसफुसतात, म्हणून मांसासाठी पाळायची असतील तर वस्तीत तीच बरी.

कायदा आणि शेजार : आधी हे वाचा

१. रानातील लावा पकडणे, विकत घेणे किंवा पाळणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. रानबदकांनाही हेच लागू आहे. पाळायचा तो जपानी लावा. हा पक्षी १९७४ मध्ये अमेरिकेतून बरेलीजवळच्या इज्जतनगर येथे आणला गेला आणि तेथून देशभर पसरला. २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने लावा पालनाचे नवे परवाने थांबवले होते. पुढे पाळीव जपानी लाव्याच्या बाबतीत हा निर्बंध शिथिल झाला. तरीही पक्षी नोंदणीकृत फार्ममधूनच घ्यावेत आणि पावती जपून ठेवावी. पिंजऱ्यातला पक्षी रानातून धरलेला नाही, हे दाखवायला तीच उपयोगी पडते.

२. मुंबई महानगरपालिकेच्या कायद्यानुसार आपल्या जागेत प्राणी अशा रीतीने ठेवता येत नाहीत की त्यांचा इतरांना उपद्रव होईल. वाकोला एच-पूर्व विभागात येते. पक्षी आणण्यापूर्वी विभाग कार्यालयात चौकशी करावी. सोसायटीत राहत असाल तर लेखी परवानगी घ्यावी. भाड्याच्या खोलीत मालकाला आधी सांगावे.

३. विमानतळाच्या १० किलोमीटर परिसरात पक्षी आकर्षित होतील अशा रीतीने उघड्यावर जनावरे कापणे किंवा घाण टाकणे विमान नियमांनुसार निषिद्ध आहे. वाकोला तर धावपट्टीच्या अगदी जवळ आहे. कातडी, पिसे, आतडी उघड्यावर टाकली की घारी आणि कावळे जमतात, आणि घार विमानाच्या इंजिनात गेली तर काय होईल ते सांगायला नको. पक्षी खाण्यासाठी कापायचा असेल तर परवानाधारक दुकानातूनच कापून घ्यावा.

४. शेजाऱ्याला आधी विचारावे, पक्षी आणल्यानंतर नव्हे. पहिल्या आठवड्यातली चार अंडी शेजारच्या घरी गेली तर पुढचे वर्ष सोपे जाते.

लावा पालन

पक्षी कसे आणि किती घ्यावेत

पहिल्याच वेळी एक दिवसाची पिल्ले घेऊ नयेत. लाव्याचे पिल्लू जन्मतः जेमतेम ७ ते ८ ग्रॅमचे असते. ऊब थोडी कमी पडली तरी ते जाते. मी स्वतः पहिल्यांदा पन्नास पिल्ले आणली आणि पहिल्या चार दिवसांत एकोणीस गमावली. त्यातली निम्मी थंडीने गेली नव्हती, ती पाण्याच्या भांड्यात बुडाली होती. भांडे कोंबडीच्या पिल्लांचे होते, आणि चूक माझी होती.

त्याऐवजी तीन ते चार आठवड्यांचे पक्षी घ्यावेत. या वयात पिसे पूर्ण आलेली असतात, ब्रूडर लागत नाही आणि नर-मादी डोळ्यांनी ओळखता येतात. नराची छाती एकसारखी तांबूस तपकिरी असते. मादीच्या करड्या छातीवर काळे ठिपके असतात. नर मोठा झाला की त्याच्या गुदद्वारामागच्या ग्रंथीतून पांढरा फेस येतो.

घरच्या अंड्यांसाठी नराची गरज नाही. मादी नराशिवायही अंडी देते, फक्त ती अंडी उबत नाहीत. म्हणून वस्तीत फक्त १० माद्या ठेवाव्यात. आवाज वाचतो, खाद्य वाचते आणि नरांच्या मारामारीत होणाऱ्या जखमाही टळतात. पिल्ले काढायचीच असतील तर दोन ते तीन माद्यांमागे एक नर ठेवावा. पण पाळीव लावा मादी अंड्यांवर बसत नाही हे लक्षात ठेवावे. उबवणी यंत्र लागते. त्यात साधारण ३७.५ अंश सेल्सिअस तापमानावर १७ ते १८ दिवसांत पिल्ले बाहेर येतात.

पिंजरा

- १० माद्यांसाठी ३ फूट लांब, दीड फूट रुंद पिंजरा पुरेसा होतो. व्यावसायिक पिंजऱ्यांत याहून दाटी करतात, पण घरी ती करू नये. दाटीमुळे पक्षी एकमेकांना टोचतात.
- उंची १० ते १२ इंचच ठेवावी. लावा दचकला की सरळ वर उडी मारतो. दोन-तीन फूट उंच पिंजऱ्यात त्याला वेग घ्यायला जागा मिळते आणि डोके फुटते. छताला आतून कापड किंवा स्पंज लावल्यास आणखी चांगले.
- जाळी अर्ध्या इंचाची, वेल्ड केलेली घ्यावी. मुंबईत खरा शत्रू मांजर नसून घूस आणि उंदीर आहे. साध्या षटकोनी जाळीतून उंदीर पाय ओढतो.
- तळाच्या जाळीवर एका कोपऱ्यात गोणपाटाचा किंवा फळीचा तुकडा ठेवावा, म्हणजे पायांना आराम मिळतो.
- खाली पत्र्याचा ट्रे ठेवून त्यात भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा पसरावा. ट्रे दर दुसऱ्या दिवशी रिकामा करावा. लाव्याच्या विष्ठेतून अमोनिया लवकर सुटतो. डोळ्यांना चुरचुर जाणवली तर उशीर झाला असे समजावे.
- पिंजरा जमिनीपासून किमान तीन फूट उंच, वारा खेळता पण पावसाची झड न येणाऱ्या जागी ठेवावा. दुपारचे ऊन थेट येऊ नये.

खाद्य आणि पाणी

लाव्याला कोंबडीपेक्षा जास्त प्रथिने लागतात. पहिले तीन आठवडे खाद्यात सुमारे २७ टक्के, चौथ्या-पाचव्या आठवड्यात २४ टक्के आणि अंड्यावर आल्यावर २० ते २२ टक्के प्रथिने असावीत. अंड्यावरच्या मादीला खाद्यात अडीच ते तीन टक्के कॅल्शियम लागते. कोंबडीचा साधा लेअर मॅश प्रथिनांत कमी पडतो. लाव्याचे खाद्य मिळत नसेल तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ब्रॉयलर स्टार्टर द्यावे आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा.

एक मादी दिवसाला साधारण २५ ग्रॅम खाते. १० माद्यांना रोज २५० ग्रॅम, म्हणजे महिन्याला साडेसात किलो खाद्य लागते. पाणी स्वच्छ असावे आणि दिवसातून दोनदा बदलावे. बारीक चिरलेली कोथिंबीर, मेथी किंवा पालक चिमूटभर द्यायला हरकत नाही. शिळा भात, फरसाण किंवा पाव मात्र देऊ नये.

प्रकाश आणि अंडी

मादी सहा ते सात आठवड्यांची झाली की अंडी सुरू होतात. चांगल्या व्यवस्थेत ती वर्षाला २५० ते २८० अंडी देते. त्यासाठी दिवसाचा उजेड आणि दिवा मिळून १६ तास प्रकाश लागतो. संध्याकाळी एक छोटा एलईडी दिवा पुरतो. बहुतेक अंडी दुपारी तीननंतर, संध्याकाळपर्यंत येतात. म्हणून सकाळी पिंजरा रिकामा दिसला तर घाबरू नये.

अंड्याचे वजन १० ते १२ ग्रॅम असते. म्हणजे पाच अंड्यांनी कोंबडीच्या एका अंड्याची भरपाई होते. १० माद्यांकडून दिवसाला सरासरी सात अंडी मिळतात, म्हणजे कोंबडीच्या जेमतेम दीड अंड्याइतके खाणे. मांसासाठी पक्षी पाचव्या आठवड्यात १८० ते २०० ग्रॅमचा होतो. तोपर्यंत तो सुमारे अर्धा किलो खाद्य खातो.

एक गैरसमज दूर करावा. लाव्याच्या अंड्यात कोलेस्टेरॉल नसते, त्याने दमा बरा होतो, असे सांगून अंडी विकली जातात. प्रत्यक्षात तेवढ्याच वजनाच्या कोंबडीच्या अंड्याच्या तुलनेत लाव्याच्या अंड्यात कोलेस्टेरॉल जवळपास दुप्पट असते. अंडे पौष्टिक आहे, पण ते औषध नाही. ज्यांना कोंबडीच्या अंड्याची ॲलर्जी आहे त्यांनी हे अंडेही डॉक्टरांना विचारूनच खावे.

पिल्ले घेतलीच तर

- पहिल्या आठवड्यात ब्रूडरमध्ये ३५ ते ३७ अंश सेल्सिअस ऊब ठेवावी. नंतर दर आठवड्याला ३ अंशांनी कमी करत न्यावी.
- थर्मामीटर असला तरी पिल्लांकडे पाहावे. दिव्याखाली गोळा झाली तर ऊब कमी आहे, कडेला पळून चोच उघडी ठेवत असतील तर जास्त आहे, सगळीकडे पसरली असतील तर योग्य आहे.
- पाण्यासाठी बरणीचे उथळ झाकण घ्यावे आणि त्यात गोट्या किंवा खडे भरावेत. चोच बुडेल, पण पिल्लू बुडणार नाही.
- तळाला गुळगुळीत वर्तमानपत्र टाकू नये. पाय घसरून फाकतात आणि पिल्लू कायमचे अधू होते. तरट किंवा खरखरीत पुठ्ठा वापरावा.
- वीज गेली तर काय, याचे उत्तर पिल्ले आणण्यापूर्वी तयार असावे. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्यास दोन-तीन तास निभावतात.

बदक पालन

जात

अंड्यांसाठी खाकी कॅम्पबेल ही सर्वांत भरवशाची जात आहे. उत्तम व्यवस्थेत ती वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते. अंडे ६५ ते ७० ग्रॅमचे असते. अंडी पाचव्या महिन्याच्या आसपास सुरू होतात. मांसासाठी व्हाइट पेकिन लवकर वाढते आणि सहा-सात आठवड्यांत दोन किलोंच्या वर जाते. मस्कोव्ही हळू वाढते, पण ती स्वतः अंड्यांवर छान बसते. तिची अंडी उबायला ३५ दिवस लागतात, इतर बदकांची २८ दिवसांत उबतात.

नराच्या शेपटीवर वर वळलेले पीस असते. मस्कोव्हीत मात्र ते नसते. घरच्या अंड्यांसाठी बदकातही नराची गरज नाही.

जागा आणि पाणी

रात्रीच्या खुराड्यात प्रत्येक बदकाला ४ चौरस फूट आणि दिवसा फिरायला किमान १० ते १५ चौरस फूट जागा द्यावी. घरटे १ फूट लांब, १ फूट रुंद, दीड फूट उंच असावे. एक घरटे तीन माद्यांना पुरते. बहुतेक बदके पहाटे ते सकाळी नऊपर्यंत अंडी देतात. नऊच्या आधी सोडल्यास अंडी अंगणात कुठेही पडतात आणि कावळे ती नेतात.

बदकाला तळे लागतेच असे नाही. पण पाण्याचे भांडे पाच ते सहा इंच खोल हवेच, म्हणजे बदकाला पूर्ण चोच आणि नाकपुड्या बुडवून डोळे धुता येतील. उथळ भांड्यामुळे डोळे चिकटतात. आठवड्यातून दोन-तीनदा टबात डुंबू दिले तर पिसे स्वच्छ राहतात आणि मुलांनाही गंमत मिळते. टबातले पाणी गटारात ओतण्याऐवजी केळी, अळू किंवा नारळाला द्यावे. पाणी प्यायच्या जागी जाळीचा ओटा करावा आणि खाली खडी टाकावी, नाहीतर आठवडाभरात चिखल होतो.

बदकाचे पिल्लू आईविना पोहायला सोडू नये. आईच्या पिसांचे तेल लागलेले नसल्याने ते भिजते, गारठते आणि मरते. पिसे येईपर्यंत, म्हणजे साधारण पाच आठवडे, फक्त प्यायला पाणी द्यावे.

खाद्य

अंड्यावरचे बदक दिवसाला १२० ते १५० ग्रॅम खाते. चार बदकांना महिन्याला सुमारे १७ किलो खाद्य लागते. कोरडे पीठ चोचीला चिकटते, म्हणून मॅश किंचित ओलसर करून द्यावा आणि तासाभरात उरलेला काढून टाकावा. भाजीचे देठ, कोबीची पाने, शिजवलेला ताजा भात चालतो. पिल्लांना कोंबडीच्या पिल्लांपेक्षा नायसिन हे जीवनसत्त्व जास्त लागते. ते कमी पडले तर पाय वाकतात. खाद्यात थोडे ब्रुअर्स यीस्ट मिसळावे. कोंबडीचे औषधयुक्त खाद्य पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय बदकांना घालू नये.

बुरशी हा बदकांचा सर्वांत मोठा घरगुती शत्रू आहे. पाळीव पक्ष्यांत अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाला बदक फार लवकर बळी पडते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात मका आणि शेंगदाणा पेंड आठ दिवसांतही बुरसटते. खाद्य पंधरा दिवसांपुरतेच आणावे, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, विटांवर ठेवावे. कुबट वास आला किंवा गुठळ्या दिसल्या तर उन्हात वाळवून वापरू नये, फेकून द्यावे. वाळवल्याने बुरशी वाळते, विष तसेच राहते.

बदके नाल्यात का सोडू नयेत

"पूर्वी आमची बदके ओढ्यात जायची, मग आता का नको?" असे गावठाणातील वडीलधारी माणसे विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि उत्तर द्यायला वाईट वाटते. तेव्हा तो ओढा होता. आज वाकोला नाला सांडपाणी घेऊन मिठी नदीला मिळतो. अशा पाण्यात बदके सोडल्यास तीन गोष्टी घडू शकतात.

पहिली, सडक्या गाळातील मेलेले प्राणी आणि अळ्या खाऊन बदकांना बोट्युलिझम होतो. मान टाकून बदके लुळी पडतात आणि एक-दोन दिवसांत मरतात. दुसरी, गाळातील जड धातू त्यांच्या शरीरात जातात आणि तेथून आपल्या ताटात येतात. तिसरी, नाल्यावर उतरणाऱ्या रानपक्ष्यांशी संपर्क येऊन रोग घरापर्यंत येतो. म्हणून शहरात बदके बंदिस्त अंगणातच ठेवावीत. ते जमत नसेल तर पाळू नयेत.

ज्यांची गावाकडे, पालघर-रायगडात भातशेती आहे त्यांच्यासाठी चांगला पर्याय आहे. लावणी होऊन दोन-तीन आठवडे झाल्यावर, रोपे रुजल्यानंतर, तीन-चार आठवड्यांची बदके खाचरात सोडावीत. ती तण आणि किडे खातात, पाणी ढवळतात, विष्ठेचे खत देतात. पीक निसवायला लागले की बदके बाहेर काढावीत, नाहीतर ती लोंब्या खातात. अशा खाचरात कीडनाशक मारू नये आणि रात्री बदके खुराड्यात बंद करावीत.

पावसाळा आणि पूर

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मिठी आणि तिला मिळणाऱ्या नाल्यांकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. एवढा पाऊस दरवर्षी पडत नाही, पण भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस आला की सखल भागात पाणी आजही साचते.

- मे अखेरीस पिंजरा कुठे हलवायचा ती जागा ठरवावी. शेवटच्या क्षणी माणसे सांभाळायची असतात, पक्षी नव्हे.
- पुराच्या पाण्यात भिजलेले खाद्य आणि गादी दोन्ही फेकून द्यावी.
- उंदीर-घुशींच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. सांडलेले खाद्य रोज संध्याकाळी उचलावे. साचलेल्या पाण्यात खुराडे साफ करताना गमबूट घालावेत. पायाला जखम असेल तर ते काम दुसऱ्याला द्यावे.
- पुरानंतर कुणाला ताप आला तर डॉक्टरांना पुराच्या पाण्याचा संपर्क जरूर सांगावा.

रोग : काय ओळखावे, कधी कळवावे

लावा तसा काटक आहे. त्यात मुख्यतः आतड्याचा व्रणदाह, रक्ती हगवण आणि टोचाटोची दिसते. बदकांत डक प्लेग आणि डक कॉलरा हे दोन मोठे रोग आहेत. दोन्हींवर लस उपलब्ध असते. वेळापत्रक आपल्या पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावे. कोणतेही प्रतिजैविक स्वतःहून देऊ नये. दिल्यास पशुवैद्यक सांगतील तितके दिवस अंडी आणि मांस खाऊ नये.

बर्ड फ्लूबद्दल वेगळे सांगणे भाग आहे. भारतात हा रोग पहिल्यांदा फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे कोंबड्या दगावल्या आणि त्याच सुमारास मुंबई-ठाण्यातील मृत पक्ष्यांतही विषाणू सापडला. बदकाच्या शरीरात हा विषाणू कोणतेही लक्षण न दाखवता राहू शकतो. तुमची बदके ठणठणीत दिसत असतानाही शेजारच्या कोंबड्या मरू शकतात.

- एकाएकी अनेक पक्षी मेले, डोके सुजले, तुरा निळसर पडला, हिरवट हगवण लागली, किंवा परिसरात कावळे मरून पडू लागले तर हात लावू नये.
- १९६२ या पशुसंवर्धन मदत क्रमांकावर किंवा जवळच्या शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवावे. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंध व नियंत्रण कायद्यानुसार कळवणे ही पालकाची जबाबदारी आहे.
- बाधित क्षेत्र जाहीर झाल्यास घरचे पक्षीही मारले जातात. त्याबद्दल ठरलेल्या दराने भरपाई मिळते. पक्षी लपवू किंवा नातेवाइकांकडे पाठवू नयेत. एका घरातले चार पक्षी वाचवताना रोग दुसऱ्या गावात जातो.

मुलांनी पक्ष्यांना नावे ठेवली असतील तर हे सांगणे जड जाते. म्हणूनच पक्षी आणायच्या दिवशीच घरात दोन गोष्टी स्पष्ट कराव्यात. पहिली, रोग आला तर आपण कळवणार. दुसरी, वर्षभरात लाव्याची अंडी कमी होतील, तेव्हा तो पक्षी खायचा की म्हातारा होईपर्यंत सांभाळायचा. दोन्ही उत्तरे योग्य आहेत. उत्तर ठरलेले नसणे मात्र चांगले नाही, कारण मग पक्षी कुणीतरी रस्त्यावर किंवा तलावात सोडून देतो. पाळीव पक्षी तिथे जगत नाही.

खर्चाचा खरा हिशेब

आपल्या भागातील खाद्याचा किलोमागचा दर घ्यावा आणि त्याला साडेसातने गुणावे. हा १० लावा माद्यांचा महिन्याचा खाद्यखर्च झाला. बदल्यात साधारण २१० अंडी मिळतात, म्हणजे वजनाने कोंबडीची ४० ते ४५ अंडी. दुकानातील कोंबडीच्या अंड्यांच्या भावाशी ताडून पाहिले तर घरचे अंडे बहुतेक वेळा महागच पडते. त्यात पिंजरा आणि पक्ष्यांची किंमत धरलेली नाही. लाव्याची अंडी बाजारातून विकत आणत असाल तर मात्र बचत दिसते.

म्हणून "घरी पाळा आणि पैसे कमवा" असा सल्ला दहा पक्ष्यांच्या पालकाला देऊ नये. त्याला मिळते ते ताजे अंडे, कशावर वाढले ते माहीत असलेले मांस, कुंड्यांना खत, आणि मुलांना रोजचे एक काम. खत ताजे घालू नये. विष्ठा आणि तूस कोरड्या पाल्यात मिसळून दोन महिने कुजवावे, नाहीतर तुळस आणि कढीपत्ता जळतो.

स्वयंपाकघरात

लाव्याचे अंडे चार मिनिटांत पूर्ण उकडते. बदकाच्या अंड्याला १० ते १२ मिनिटे द्यावीत. बदकाचे अंडे ओल्या, घाण जागी पडलेले असू शकते आणि त्यात साल्मोनेला जंतूंचा धोका असतो. ते अर्धे कच्चे, हाफ फ्राय किंवा घरच्या मेयोनिजमध्ये वापरू नये. अंडी कोरड्या फडक्याने पुसून फ्रिजमध्ये ठेवावीत. तडा गेलेले अंडे खाऊ नये.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी : भेटीत विचारायचे सहा प्रश्न

१. पक्षी कुठे ठेवणार, ती जागा दाखवा.
२. शेजाऱ्यांना आणि मालकाला किंवा सोसायटीला विचारले का?
३. विष्ठा आणि सांडपाणी कुठे जाणार?
४. जुलैत पाणी भरले तर पिंजरा कुठे हलवणार?
५. गावी गेलात तर पक्ष्यांना खाद्य-पाणी कोण देणार?
६. अंडी थांबली किंवा रोग आला तर काय करणार?

सहापैकी दोन प्रश्नांना उत्तर नसेल तर "नको" म्हणण्यास संकोच करू नये. आपण दिलेला चुकीचा होकार पुढे पक्ष्याला आणि शेजाऱ्याला भोगावा लागतो.

प्रत्यक्ष पाहून शिकायचे असेल तर गोरेगावच्या आरे कॉलनीत केंद्रीय कुक्कुट विकास संघटनेचे पश्चिम विभागाचे केंद्र आहे. परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पक्षी आणण्यापूर्वी तेथे प्रशिक्षण आणि पिल्लांच्या उपलब्धतेची चौकशी करावी.

सुरुवात नोव्हेंबरमध्ये करावी. पाऊस संपलेला असतो, उकाडा नसतो आणि पहिल्या पावसाळ्यापर्यंत हात बसायला सहा महिने मिळतात. पहिल्या वर्षी दहा लावा माद्याच ठेवाव्यात. एक पावसाळा नीट पार पडला आणि शेजाऱ्यांची तक्रार आली नाही, तर दुसऱ्या वर्षी अंगण असणाऱ्यांनी तीन बदकांचा विचार करावा.